लेथवर काढलेला की-वे आतल्या टोकाला उथळ का येतो?

पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारी चावी (धातूची पट्टी) की-वेत, म्हणजे पुलीच्या भोकातल्या खाचेत, तोंडाशी छान बसते आणि अर्ध्यात जाऊन अडकते. ठोकली तर पुली तिरकी चढते. मोजून पाहिलं की कळतं, की-वे तोंडाशी २.८ मिमी खोल आहे आणि चकच्या बाजूला २.६. घरी बनवलेल्या टूलनं लेथवर की-वे काढणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार हीच असते, आणि बहुतेक जण आधी बिट (कापणारा तुकडा) काढून ग्राइंडरकडे धावतात. बिट बोथट असेल तर धार लावायलाच हवी. पण एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला उथळ हा दोष सहसा बिटचा नसतो. एकतर काहीतरी लवतंय, नाहीतर काहीतरी समांतर नाही. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत, म्हणून आधी दोहोंपैकी कोणतं ते ओळखायचं.

ओळखायची पद्धत सोपी आहे. पूर्ण खोलीला आलात की क्रॉस स्लाइडला (टूल आडवं सरकवणाऱ्या स्लाइडला) हात न लावता त्याच मापावर टूल पुन्हा चालवा. पुन्हा चालवा. चिप येत राहिली आणि दरवेळी बारीक होत गेली, तर बार लवत होता आणि आता हळूहळू सरळ होतोय. चार-पाच फेऱ्यांनी चिप यायची पूर्ण थांबली, तरीही टेपर (खोलीतला हा उतार) तसाच राहिला, तर टूलचा मार्गच बोअरला (जॉबच्या भोकाला) समांतर नाही. मग कितीही फेऱ्या मारा, फरक पडणार नाही.

पुढे जाण्याआधी, कोणत्या टूलबद्दल बोलतोय ते सांगतो. साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, टूल पोस्टमध्ये जाड बार धरायचा, पुढच्या टोकाला आडव्या भोकात एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) चौकोनी बिट, आणि सॅडलचं (बेडवर सरकणाऱ्या भागाचं) हँडल फिरवून बार बोअरमध्ये ढकलायचा. दुसरा, कंपाउंडचा (क्रॉस स्लाइडवरच्या स्लाइडचा) स्क्रू काढून ठेवायचा आणि ती स्लाइड लांब लिव्हरनं मागेपुढे करायची. तिसरा, क्रॉस स्लाइडवर एक ठोकळा बसवून त्यात गोल किंवा चौकोनी रॅम (सरकता दांडा) सरकवायचा, तोही लिव्हरनं. तिन्हींत जॉब चकमध्ये स्थिर असतो, स्पिंडल फिरत नाही आणि बिट एका वेळी काही शतांश मिमी खरवडतो. मशीनचा मेन स्विच बंद हवा, नुसतं स्पिंडलचं लिव्हर खाली करून भागत नाही. चकच्या जबड्यांमधून हात आत-बाहेर होणार असतो.

बार लवत असेल तर

२० मिमी बोअरला ६ × ६ ची चावी लागते, आणि हबमधली (पुलीच्या मधल्या भागातली) खोली २.८ मिमी. (चाव्यांची मापं आयएस २०४८ या भारतीय मानकात आहेत. १७ ते २२ मिमी शाफ्टला ६ × ६, २२ ते ३० ला ८ × ७, ३० ते ३८ ला १० × ८.) माईल्ड स्टीलमध्ये ६ मिमी रुंद बिटनं ०.०५ मिमीचा कट घेतला तर बार ढकलायला अंदाजे १०० किलोचा जोर लागतो. त्याच्या अर्ध्याच्या आसपास जोर बिटला बोअरच्या भिंतीपासून दूर लोटतो. आता १५ मिमी जाडीचा बार ८० मिमी बाहेर काढून धरला असेल, तर ५० किलोला त्याचं टोक साधारण ०.१६ मिमी लवतं. कट ०.०५ चा आणि लवणं ०.१६ चं! म्हणजे डायल पुढे सरकते, बिट नुसता घासतो, मग ताण साठला की एकदम जाड चिप उचलतो. डायलवर विश्वास ठेवून खोली मोजणाऱ्याची फसगत इथेच होते.

तोच बार ४० मिमीच बाहेर ठेवला तर लवणं ०.०२ वर येतं. लांबी अर्धी, लवणं आठवा भाग. जाडीचा परिणाम याहूनही मोठा असतो, कारण लवणं जाडीच्या चौथ्या घातानं कमी होतं. पण जाडी हवी तेवढी वाढवता येत नाही. २० च्या बोअरमध्ये बार, बाहेर आलेला बिट आणि चिपला जागा, हे सगळं मावायला हवं. बिट बारच्या अंगापासून किमान ३.४ मिमी बाहेर हवा, नाहीतर पूर्ण खोलीआधीच बार बोअरला टेकतो. हिशेब केला तर १६ चा बार जेमतेम जातो आणि चिप अडकली की पाठीमागून बोअरला ओरखडा काढतो. म्हणून १५. आणि बारीक भाग जॉबच्या लांबीपेक्षा १० मिमीच जास्त ठेवा, त्यामागे बार लगेच २५ किंवा ३० चा जाड करा. एकाच बारमध्ये सगळ्या बोअरची कामं करायचा मोह अनेकांना होतो आणि नेमका तोच टेपरचं कारण ठरतो. १२, २० आणि ३० च्या बोअरला तीन वेगळे बार करून ठेवलेले बरे. तुकडे भंगारातून निघतात.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे रॅमच्या टूलमध्ये, आणखी एक गोम आहे. रॅम जसा पुढे जातो तसा तो ठोकळ्यातून जास्त बाहेर येतो. स्ट्रोकच्या सुरुवातीला ३० मिमी बाहेर, शेवटी ७०. मग आतलं टोक उथळ येणारच, ते डिझाइनमध्येच आहे. टूल पोस्टमधल्या बारचं किंवा कंपाउंडवाल्या टूलचं तसं होत नाही, कारण त्यात बार जितका बाहेर तितकाच राहतो आणि आख्खी स्लाइड सरकते. नवीन टूल करायला बसला असाल तर माझं मत सरळ आहे: कंपाउंडचा स्क्रू काढा आणि लिव्हर लावा. डोव्हटेल (स्लाइडची तिरकी खाच) आणि जिब (ढिलाई काढणारी पट्टी) आयते मिळतात, काम झालं की स्क्रू परत बसतो. लिव्हरचं प्रमाण पाचास एक तरी ठेवा, म्हणजे १०० किलोला हाताला २० किलो येतात. सॅडलच्या हँडलनंही जमतं, पण तो सगळा भार रॅक आणि पिनियनच्या दातांवर पडतो. कधीमधी एखादा की-वे असेल तर ठीक, रोजच्या कामाला नाही. लिव्हर वापरताना सॅडल बेडला लॉक करायला विसरू नका, नाहीतर बिट जागेवर आणि सॅडलच मागे सरकतो.

जोर कमी करायचा आणखी एक उपाय म्हणजे आधी ४ मिमीच्या बिटनं पूर्ण खोली काढून घ्यायची आणि मग ६ चा बिट फक्त दोन्ही बाजूंचा एकेक मिमी काढायला लावायचा. शेवटचे दोन-तीन कट ०.०२ चे, आणि त्यानंतर डायल न हलवता चिप थांबेपर्यंत फेऱ्या.

लवत नसेल आणि तरी टेपर येत असेल तर

कंपाउंडवरच्या अंशांच्या खुणांवर जाऊ नका. अर्ध्या अंशाची चूक ३० मिमी लांबीत ०.२६ मिमी होते, आणि अर्धा अंश त्या खुणांवर डोळ्याला कळतही नाही.

समांतर तपासताना बहुतेक जण डायल गेजचा मॅग्नेट बेडवर लावतात, पिन रॅमला किंवा बारला टेकवतात आणि रॅम सरकवून बघतात. डायल शून्यावर उभी राहते आणि माणूस खूश होतो. पण यात फक्त इतकंच कळतं की रॅमचं अंग रॅमच्या चालीशी समांतर आहे. रॅम अख्खा दोन अंश तिरका बसवला असता तरी डायलनं शून्यच दाखवलं असतं. करायचं उलटं: डायल बारच्या टोकाला, बिटच्या जागी बांधा, चकमध्ये एक सरळ शाफ्टचा तुकडा धरा आणि बार चालवत पिन शाफ्टवरून लांबीत फिरवा. एकदा समोरच्या बाजूला, बिट जिकडे कापतो तिकडे. त्यात फरक आला तर खोलीत टेपर येतो. मग पिन शाफ्टच्या माथ्यावर ठेवून पुन्हा. तिथे फरक आला तर की-वे स्क्रूसारखा किंचित पिळलेला निघतो आणि चावी अर्ध्यात जाऊन का अडकते त्याचं हे दुसरं उत्तर. चक थोडा वाकडा फिरत असेल तर शाफ्ट अर्धा फेरा फिरवून दुसरं रीडिंग घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा.

समोरच्या बाजूचा फरक कंपाउंड हलकेच ठोकून निघतो. माथ्यावरचा फरक निघायला शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालावी लागते किंवा जिब घट्ट करावी लागते. जुन्या लेथवर कंपाउंडचा जिब मधे ढिला आणि टोकांना घट्ट असतो, तेव्हा पूर्ण स्ट्रोक चालवून बघा, मधल्या दोन इंचांवर विसंबू नका.

रॅमचा ठोकळा बनवणार असाल तर त्याचं भोक बाहेरून ड्रिलवर पाडू नका. ठोकळा क्रॉस स्लाइडवर त्याच्या कायमच्या जागी बोल्ट करा, ड्रिल चकमध्ये धरा, आणि सॅडल चालवून भोक पाडा. मग बोअरिंग बार दोन सेंटरमध्ये धरून तेच भोक मापाला आणा. असं केलेलं भोक आपोआप सेंटर हाइटला (स्पिंडलच्या मध्याच्या उंचीला) येतं आणि सॅडलच्या चालीला समांतर असतं. ठोकळा काढून परत बसवला की उंची कायम राहते, दिशा मात्र डायलनं पुन्हा बघावी लागते.

बिट मधेच खड्डा पाडतो

निम्मा स्ट्रोक नीट जातो आणि अचानक बिट आत घुसतो, लिव्हर हातात अडकतं, कधी बिटचा कोपराच उडतो. याचं कारण बारच्या वाकण्यात आहे. बार ढकलताना बिटच्या टोकावर मागच्या दिशेनं जोर येतो, आणि बिट बारच्या एका अंगाला असल्यानं ते अंग दाबलं जातं. बार मग बिटच्याच बाजूला वाकतो, म्हणजे टोक आणखी आत जातं. एरवी भिंतीकडून येणारा जोर त्याला बाहेर लोटत असतो, म्हणून बेरीज-वजाबाकी होऊन काम चालतं. पण बिटला रेक (चिप जिच्यावरून सरकते त्या तोंडाचा तिरकेपणा) जास्त दिला की बाहेर लोटणारा जोर घटतो आणि वाकणं जिंकतं. म्हणून टर्निंगच्या टूलसारखा १५–२० अंशांचा रेक इथे घातक आहे. माईल्ड स्टीलला ५ ते ८ अंश, बीडाला ० ते ५, पितळेला शून्य.

ओढून कापलं तर हा त्रास मुळातच कमी होतो. बार ताणला जातो आणि बिटच्या विरुद्ध बाजूला वाकतो, म्हणजे जोर वाढला की कट आपसूक हलका होतो. त्यासाठी बिट आधी जॉबच्या मागे न्यावा लागतो, म्हणजे जॉबच्या मागे चकमध्ये १०–१२ मिमी मोकळी जागा हवी, आणि जॉब जबड्यातून बाहेर खेचला जाणार नाही इतका घट्ट हवा. जबडे हबच्या खांद्यामागे अडकवता आले तर फारच उत्तम. पातळ पुलीला हे जमत नाही, तिथे ढकलणंच बरं.

परतीच्या स्ट्रोकला बिट तसाच घासत आणू नका. एचएसएसची धार परतीतच मरते. क्रॉस स्लाइड अर्धा फेरा मागे, बार बाहेर, मग पुन्हा मूळ आकड्याच्या पुढे. बिट आपल्या बाजूच्या भिंतीवर कापत असेल तर फीड आपल्याकडे आणि जॉबचा जोर पलीकडे, त्यामुळे स्क्रूचा बॅकलॅश (ढिलाई) आपोआप एका बाजूला दाबलेला राहतो.

की-वे रुंद येतो, भिंतीला पायऱ्या पडतात

बिट ५.९८ चा आणि की-वे ६.१० चा. इथे पहिला संशयित स्पिंडल. गिअर टाकून स्पिंडल अडवला असं वाटतं, पण गिअरच्या दातांमधला बॅकलॅश चकच्या परिघावर हातानं हलवूनही जाणवतो. प्रत्येक स्ट्रोकला जॉब केसभर फिरतो आणि भिंतीवर पायरी उमटते. चकच्या एका जबड्याला पट्टी बांधून ती बेडवर टेकवा, आणि दुसऱ्या बाजूनं लाकडी पाचर मारा म्हणजे दोन्ही दिशांनी अडेल. नुसत्या एका बाजूनं अडवलं तर परतीला जॉब उलटा फिरतो.

दुसरा संशयित गोल रॅम. त्याला फिरू न देणारी पिन ०.०५ मिमी ढिली असेल आणि ती मध्यापासून १० मिमीवर असेल, तर १५ मिमीवरच्या बिटच्या टोकाला ती ढिलाई ०.०७५ होते. चौकोनी ब्राइट बारचा रॅम आणि एका बाजूला जिब पट्टी हा त्याचा कायमचा इलाज.

भिंत पायरीदार नसून फाटल्यासारखी खडबडीत असेल तर बिटच्या बाजूंना क्लिअरन्स नाही. बिट कापणाऱ्या धारेपाशी सगळ्यात रुंद हवा आणि तिथून मागे व खाली निमुळता, दोन्ही बाजूंना एक ते दीड अंश. तळाला ५–७ अंश. ग्राइंडरनंतर ऑइलस्टोनवर दोन-चार वेळा ओढा. माईल्ड स्टीलला दर स्ट्रोकला ब्रशनं कटिंग ऑइल, बीडाला कोरडंच. बीडाचा चुरा तेलात मिसळला की स्लाइडमध्ये काळी पेस्ट जाऊन बसते आणि जिब खाते.

चावी एका बाजूला कलते

बिटची मधली रेषा सेंटर हाइटला नाही. २० च्या बोअरमध्ये बिट ०.२ मिमी वर-खाली असेल तर की-वे एका अंशाहून थोडा जास्त कलतो. शाफ्टवरचा की-वे सरळ आणि हबचा कललेला, मग चावी कोपऱ्यावर बसते आणि काही आठवड्यांत डुगडुगायला लागते. कडबाकुट्टीच्या पुल्या वारंवार चावी खातात, त्यातल्या बऱ्याच पुल्यांमध्ये हेच दिसतं.

तपासायला महागडं काही नको. बोअरच्या आत मार्करनं निळा पट्टा ओढा, ६ मिमीचा पूर्ण रुंदीचा बिट आत न्या आणि क्रॉस स्लाइड अगदी हळू आपल्याकडे आणा. बोअर गोल आणि बिटचं तोंड सपाट, त्यामुळे आधी फक्त बिटचे दोन कोपरे टेकतात. बार किंचित पुढे सरकवा. निळ्यात दोन बारीक चकचकीत रेघा एकसारख्या उमटल्या तर उंची बरोबर. वरची एकच उमटली तर बिट वर आहे, खालची एकच उमटली तर खाली. शिम घाला, पट्टा पुन्हा ओढा.

सगळं नीट, तरी खोली कमी

याचं कारणही त्या दोन कोपऱ्यांमध्येच आहे. कोपरे टेकले तिथे डायल शून्य केली आणि तिथून २.८ मिमी आत गेलात, तर की-वे जवळजवळ अर्धा मिमी उथळ येतो. कारण २.८ ही खोली बोअरच्या गोलाईच्या माथ्यापासून मोजतात आणि कोपरे त्या माथ्यापासून मागेच टेकलेले असतात. २० च्या बोअरला ६ चा बिट असेल तर हा फरक ०.४६ मिमी, म्हणजे एकूण फीड ३.२६. २५ च्या बोअरला ८ चा बिट असेल तर ०.६६, खोली ३.३, एकूण फीड ३.९६. दुसऱ्या मापांसाठी: बोअरच्या त्रिज्येच्या वर्गातून बिटच्या अर्ध्या रुंदीचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा, ते त्रिज्येतून वजा करा.

त्यातही क्रॉस स्लाइडची डायल व्यासावर आहे की त्रिज्येवर, ते आधी बघून घ्या. व्यासावरची असेल तर ३.२६ साठी डायलवर ६.५२ जायला हवं. आणि शेवटचं माप डायलवर सोडू नका. की-वेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजा. २० च्या बोअरला ते २२.८ ते २२.९ यायला हवं, २५ च्या बोअरला २८.३ ते २८.५. दोन्ही टोकांना मोजा. व्हर्निअरचे आतले जबडे ६ मिमीच्या खाचेत नीट बसत नसतील तर ६ चा मोजलेला तुकडा खाचेत ठेवून त्याच्यावरून मोजा आणि ते ६ मिमी त्यात मिळवा.

बंद बोअर

ज्या बोअरचं मागचं तोंड बंद आहे त्यात चिपला जायला जागाच नसते. ती तळाशी साठते, पुढच्या स्ट्रोकला बिट तिच्यावर आदळतो आणि तुटतो. की-वे काढायच्या आधीच तळाशी, की-वेच्या खोलीहून थोडी जास्त खोल आणि ४–५ मिमी रुंद अशी खाच टर्न करून घ्या. हब पातळ असल्यामुळे तशी खाच चालणार नसेल तर की-वेच्या शेवटी बाहेरून आडवं भोक पाडा. सॅडलला किंवा स्लाइडला स्टॉपर लावा, म्हणजे बिट खाचेच्या मध्यावर थांबेल. दर पाच-सहा स्ट्रोकनंतर चिप ब्रशनं काढा. हवा मारू नका, बंद बोअरमधून ती सरळ डोळ्यांवर येते. आणि उघड्या बोअरला, विशेषतः बीडाच्या पुलीला, सुरुवात करण्याआधी दोन्ही तोंडांना एक मिमीचा चॅम्फर (कडेला तिरपा छेद) द्या, नाहीतर बिट बाहेर पडताना मागची कड टवका निघून जाते आणि तो टवका नेमका ग्रब स्क्रूच्या भोकापर्यंत जातो.